फुर्ट्याडो कंपाउंडरची शर्ली

मेल्विन डाबरे आयुष्यात पहिल्यांदा मनामाला गेला तेव्हा तिथली वाट त्याला तोंडपाठ होती. बाब अल-बहरीनच्या कमानीखालून बाजारात शिरायचं, सोनारांची दुकानं संपेपर्यंत सरळ जायचं, वेलदोड्याचा वास नाकात भरला की उजवीकडे वळायचं, इराण्याच्या तंदूरपाशी गरम रोटी घ्यायची आणि ती संपायच्या आत निळं दार येतं. वसईजवळच्या भुईगावात, घराच्या ओट्यावर बसून, त्याच्या बायकोनं ही वाट त्याला इतक्या वेळा चालवून आणली होती की डोळे बांधून सोडला असता तरी तो पोचला असता.

ती वाट शिकवणारी शर्ली त्या दिवशी त्याच शहराबाहेर बायकांच्या तुरुंगात होती.

मेल्विन एस.टी.च्या आगारातला निवृत्त मेकॅनिक. साठी ओलांडून गेलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले. पासपोर्ट काढला होता तो चर्चच्या मंडळींबरोबर जेरुसलेमला जायचं म्हणून, पण ते जाणं राहूनच गेलं. त्या कोऱ्या पासपोर्टावर पहिला शिक्का बसला तो बहारीनचा, आणि तोही बायकोच्या खटल्यासाठी. विमानात शेजारच्या माणसानं विचारलं, "फिरायला चाललात का?" तेव्हा मेल्विन म्हणाला, "सासुरवाडीला." बोलून गेल्यावर त्याला वाटलं, खोटं काही बोललो नाही आपण.

विमानतळावर त्याला घ्यायला तय्यबा आली होती, शर्लीची बाळपणीची मैत्रीण. काळ्या पायघोळ अबायातली, भारी अंगाची, काठी टेकत चालणारी बाई. बरोबर तिचा मुलगा खिजर. मेल्विननं हात जोडले. तय्यबानं त्याच्याकडे खालून वर पाहिलं आणि स्वच्छ वसईच्या मराठीत विचारलं, "जेवलास का?"

मेल्विन बॅग हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला.

"बॅग दे. चल. भूक लागली असेल तुला."

तिचं मराठी तेवढंच होतं. बाकी सगळं ती मनामाच्या बाजारातल्या हिंदीत बोलायची, तिच्या पिढीतल्या पुष्कळ बहारीनी लोकांना येतं तसं. पण ही मोजकी वाक्यं ती शर्लीच्या आईकडून शिकली होती, फुर्ट्याडोंच्या स्वयंपाकघरात, वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी. आई पोरांना जे म्हणते तेच तिला येत होतं. जेव, हात धू, गप बस, पडशील. त्यामुळे मनामाजवळच्या रिफा गावातल्या तय्यबाच्या घरात पुढचे दिवस सहासष्ट वर्षांच्या मेल्विनला रोज दुपारी हुकूम सुटायचा, "हात धू. जेवायला बस." आणि तो निमूटपणे हात धुवायचा.

शर्लीचे वडील कंपाउंडर होते. एकोणीसशे अठ्ठावन्न साली बोटीनं बहारीनला गेले, दोन वर्षांत बायकोला घेऊन गेले, आणि शर्ली जन्मली ती मिशनच्या दवाखान्यात. मनामाच्या जुन्या वस्तीत, फरीज अल-फाधिलमध्ये, त्यांनी निळ्या दाराच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. फरीज म्हणजे मोहल्ला. भिंतीला भिंत लागून तय्यबाचं घर. उन्हाळ्यात दोन्ही घरं गच्चीवर झोपायची आणि मधली भिंत कमरेइतकीच असल्यामुळे सकाळी कोणाची पोरं कोणाच्या अंथरुणात सापडतील याचा नेम नसे. रमझानच्या मधल्या रात्री गर्गाऊनला मुलं दारोदार गाणी म्हणत दाणे-मिठाई गोळा करत. त्यात सर्वांत मोठा आवाज फुर्ट्याडो कंपाउंडरच्या पोरीचा असायचा. नाताळला तय्यबाची भावंडं रांगेनं येऊन करंज्या खाऊन जायची. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, सकाळी चर्च, दुपारी अधारीच्या झऱ्यावर पोहणं. समुद्र तेव्हा हाकेच्या अंतरावर होता, आणि संध्याकाळी वडील तिला खांद्यावर बसवून लाँचेसचे दिवे दाखवायला न्यायचे.

शर्ली मोठी झाली, फरीजजवळच्या एका बालवाडीत शिकवायला लागली. पंचवीस वर्षं तिनं तिथे पोरांची नाकं पुसली. लग्न जमलं नाही. गावाकडून एक-दोन स्थळं आली होती, पण तिनं काही ना काही कारण काढून ती परतवली. वडील गेले, मग आई गेली. दोघं तिथल्याच मातीत आहेत. मग बालवाडी बंद पडली आणि बालवाडीच्या नावावर असलेला तिचा रेसिडेन्स परमिटही संपला.

कागदांचं आणि शर्लीचं कधी जमलंच नाही. परमिट संपल्यावर दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा, हे तिला कोणी सांगितलं नाही असं नव्हे. तय्यबाही सांगत होती. "बघते उद्या," असं म्हणत शर्लीनं दोन वर्षं काढली. घरी केक करून विकायची, गुलाबपाणी घातलेले, आणि सगळ्या फरीजला ते आवडायचे. मग एके दिवशी तपासणी झाली. जन्मापासून ज्या गावात ती वाढली तिथून तिला दोन हजार बारा साली हद्दपार करून, एक बॅग हातात देऊन, मुंबईच्या विमानात बसवलं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ती "मायदेशी" आली, आणि भुईगावात चुलत भावाच्या घरी उतरली तेव्हा तिला विहिरीवरून पाणीसुद्धा ओढता येत नव्हतं.

तिथे मेल्विननं तिला पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं म्हणण्यापेक्षा ऐकलं. चर्चच्या सणाला हॉलमध्ये कोणीतरी बाई म्हणाली, "कवाड ओढून घ्या गो, वारा येतोय. नि तो दिवा मालवा." मेल्विन वळून बघायला लागला. दिवा मालवा! असं त्याची आजी म्हणायची. गावात आता सगळे लाईट बंद करत होते. शर्लीचं मराठी आईवडलांबरोबर बोटीत बसून गेलं होतं आणि तिथे बाहेरचं वारं न लागता जसंच्या तसं राहिलं होतं. विधुर माणसाला काय भुलवेल याचा नेम नाही. मेल्विन त्या दोन शब्दांवर भुलला. दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं, आणि शर्ली फुर्ट्याडोची शर्ली डाबरे झाली.

संसार चांगला झाला. भांडणं फार नव्हती. शर्ली घरात हळू बोलायची, हळू चालायची, पाहुण्याबाईसारखी. फक्त संध्याकाळी ओट्यावर बसून बहारीनबद्दल सांगायला लागली की तिचे डोळे चमकायचे. मेल्विन ऐकायचा. कधीकधी त्याला त्या गावाचा हेवा वाटायचा, एखाद्या जुन्या प्रियकराचा वाटावा तसा, पण ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

मग तय्यबाच्या नातीचं लग्न ठरलं.

"महिनाभर जाऊन येते," शर्ली म्हणाली.

"तुला बंदी आहे ना गो तिथे?"

"ती फुर्ट्याडोला होती. आणि किती वर्षं झाली त्याला! कोण लक्षात ठेवतंय?"

नव्या पासपोर्टावर नवं आडनाव, तेही खरंखुरं, चर्चच्या दाखल्यावर काढलेलं. व्हिजिट व्हिसा खिजरनं काढला. विमानतळावर कोणी अडवलं नाही. लग्न झालं, शर्ली नाचली, तय्यबाच्या घरातल्या सगळ्या बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या. महिना संपत आला तेव्हा तिला अजून पंधरा दिवस राहावंसं वाटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं कागदाचं काम वेळेवर केलं. मुदत संपायच्या आधी ती स्वतःच्या पायांनी व्हिसाच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, एवढी वाढवून द्या. तिथल्या पोरीनं तिचं बोट यंत्रावर ठेवलं. यंत्रानं शर्ली डाबरेच्या बोटावरून शर्ली फुर्ट्याडो शोधून काढली.

पोलीस ठाण्यातून तिला एक फोन करू दिला. मेल्विननं उचलला तर ती हसत होती की रडत होती ते त्याला कळेना.

"मेल्विन, माझं बोट फितूर झालं रे."

हद्दपार झाल्यावर परवानगीशिवाय परत येणं हा तिकडे गुन्हा. खालच्या कोर्टानं फार वेळ घेतला नाही. तीन महिने कैद, नंतर पुन्हा हद्दपारी. खिजरनं वकील पाहिला, अपील दाखल झालं, आणि मेल्विननं कपाटातून जेरुसलेमचा पासपोर्ट बाहेर काढला.

पहिल्याच आठवड्यात तय्यबा त्याला फरीजमध्ये घेऊन गेली. कमान होती. सोनार होते. पण कमानीसमोर उभं राहून मेल्विननं समुद्र शोधला, तर समुद्रात टाकलेल्या भरावावर रस्त्यांपलीकडे रस्ते आणि उंच काचेच्या इमारती. बोळात शिरल्यावर मोबाईलची दुकानं, शिलाईवाले बंगाली, वर एसीच्या टपटपणाऱ्या नळ्या. इराण्याचा तंदूर बंद होऊन तिथे कुरिअरवाला बसला होता. निळ्या दाराच्या जागी लोखंडी शटर.

"इथे," तय्यबानं काठीनं दाखवलं. मग थोडं पुढे जाऊन, "नाही, इथे." मग ती थांबली आणि तिच्याच्यानं नक्की सांगवेना.

कोपऱ्यावर एक म्हातारा चहावाला होता, मलबारी. तय्यबानं त्याला विचारलं, तेव्हा त्यानं मेल्विनकडे पाहून हिंदीत म्हटलं, "कंपाउंडर साहब की बेटी? केकवाली? तुम उसका आदमी?" आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

भेटीच्या दिवशी काचेपलीकडे शर्ली येऊन बसली. जरा वाळली होती, पण केस नीट विंचरलेले. दोघांनी फोन उचलले.

"फरीज बघून आलास?"

"आलो. आहे की सगळं. तू सांगितलंस तसंच."

शर्ली त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसली. "खोटं बोलायला तुला येत नाही रे. नातीच्या लग्नाआधी मी तिकडे जाऊन आले होते. काही उरलं नाही तिथे."

"मग अजून पंधरा दिवस कशाला हवे होते तुला?" मेल्विनचा आवाज त्याच्या मनात नसताना चढला. "महिनाभर राहिलीस ना? पोट भरलं नाही?"

शर्ली फोनची वायर बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

"मी लहान होते हे आठवणारं आता कोण आहे, मेल्विन? एक तय्यबा. भुईगावात तर मी एकदम पन्नाशीचीच उगवले. तिथे माझं कोणी काही पाहिलेलं नाही. तूसुद्धा नाही. तय्यबा मला अजून म्हणते, तू त्या वर्षी झऱ्यात बुडत होतीस आणि मी केस धरून ओढलं. खरं तर मी तिला ओढलं होतं. पंधरा दिवसांत ते भांडण मिटवायचं होतं."

मेल्विनला हसू आलं. भेटीची वेळ संपली. मागे उभी असलेली पोलीस पोरगी शर्लीला "यल्ला, खाला" म्हणाली, 'चल, मावशी' म्हणावं तशा मायेनं, आणि तिला आत घेऊन गेली.

वकिलाचं नाव साद. तरुण, हुशार, मनगटावर मोठं घड्याळ, बोलणं झटपट. त्यानं सगळ्यांना आपला बेत समजावून सांगितला. हद्दपारीचा हुकूम अरबीत होता. शर्लीला अरबी लिहितावाचता येत नाही, हे खरंच होतं. हुकूम तिला तिच्या भाषेत कोणी समजावून दिला नाही. परत यायचं नाही हे तिला माहीतच नव्हतं. नाव लग्नामुळे बदललं, लपवण्यासाठी नाही. "केस चांगली आहे," साद म्हणाला, "फक्त एक गोष्ट. तिनं कोर्टात अरबी बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही. दुभाष्या असेल. ती हिंदीत बोलेल, तो सांगेल. कोर्टाला ती एक साधी हिंदी बाई दिसली पाहिजे, जिला तो कागद कळला नाही."

तय्यबानं हे मेल्विनला हिंदीत सांगितलं, आणि स्वतःच्या मनानं पुढे जोडलं, "वो चूप बैठेगी?"

"माझ्या घरात तर चूपच असते," मेल्विन म्हणाला.

तय्यबानं त्याच्याकडे चमकून पाहिलं.

सुनावणीच्या दिवशी मेल्विननं कोट घातला, लग्नातला. तीन न्यायाधीश उंचावर बसले होते, मधला पांढऱ्या दाढीचा. शर्लीला आणून बाजूला उभं केलं. दुभाष्या वकार नावाचा पाकिस्तानी गृहस्थ, अदबशीर, शर्लीला "मोहतरमा" म्हणणारा. सरकारी वकील बोलला, ही बाई नाव बदलून देशात शिरली. साद बोलला, हुकुमाचा कागद हलवून बोलला. मग मधल्या न्यायाधीशांनी वकारमार्फत विचारलं, हा कागद तुम्हाला वाचता आला होता का?

"नहीं," शर्ली म्हणाली. मान खाली, हात एकमेकांत. सगळं बेतल्याप्रमाणे चाललं होतं. सादनं हलकेच खिजरकडे पाहून मान हलवली.

न्यायाधीश कागद चाळत होते. एका जागी थांबले. जन्म मनामा? मनामात कुठे?

वकारनं विचारलं. शर्लीनं त्याला फरीजचं नाव सांगितलं. वकार काही मनामाचा नव्हता. त्यानं ते नाव घोटाळा करून सांगितलं, आणि न्यायाधीश म्हणाले, म्हणजे मुहर्रकमध्ये?

मुहर्रक हे शेजारचं बेट, जुन्या मनामाकरांचं त्याच्याशी पिढ्यान्पिढ्यांचं वाकडं.

"मुहर्रक कुठलं हो!" शर्ली उसळून म्हणाली, अरबीत.

सादनं डोळे मिटले. तय्यबानं मेल्विनचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "खलास."

मेल्विनला शब्द कळत नव्हते, पण आवाज कळत होता. हा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. भरभर, खणखणीत, मध्येच जीभ टाळ्याला लावून "च्क" करणारा, हातवारे करणारा, मान वेळावणारा. इतकी वर्षं त्याच्या घरात वावरलेली हळू आवाजाची बाई कुठे गेली होती कोण जाणे. ही जी उभी होती ती गर्गाऊनला सगळ्या फरीजच्या वर आवाज लावणारी पोरगी होती. पुढचं सगळं तय्यबा त्याच्या कानाशी तोडक्यामोडक्या हिंदीत सांगत राहिली.

"तुम्हाला अरबी येतं," न्यायाधीश आता थेट शर्लीशी बोलले.

"येतं, साहेब. भांडायला मी त्याच भाषेत शिकले."

"मग हद्दपार करताना काय सांगितलं होतं ते कळलं होतं तुम्हाला?"

साद उठला. न्यायाधीशांनी हातानंच त्याला बसवलं. शर्लीनं सादकडे पाहिलं, मुलाचं ताट हातून सांडल्यावर आई बघते तसं. मग म्हणाली, "कळलं होतं. विमानतळावर एक पोरगा होता, ऑफिसर. म्हणाला, खाला, आता परत येऊ नकोस. मी म्हटलं, इंशाल्ला."

मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसलं. त्या देशात असल्या वेळी म्हटलेल्या इंशाल्लाचा अर्थ 'बघू पुढचं पुढे' असा होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"आणि तरी आलात."

"तय्यबाच्या नातीचं लग्न होतं."

"परवानगी मागता आली असती."

"ज्या घरात मी रांगले त्याचं दार वाजवून आत जायचं असतं हे माझ्या ध्यानातच येत नाही, साहेब. हा माझाच दोष. तेव्हाही परमिटाचं तसंच झालं. पण लपायला मी आले नव्हते. लपायचं असतं तर तय्यबाच्या घरात मला कोणी शोधलं असतं का? मुदत वाढवून घ्यायला मी आपणहून गेले." मग श्वास घेऊन ती म्हणाली, "पण आपल्याकडे म्हणतातच ना, अधारीचं पाणी लांबच्या मळ्यांना, जवळचे तहानलेले."

ही तिथली जुनी म्हण. अधारीच्या झऱ्याचं पाणी पाटानं दूरदूरच्या बागांना जायचं आणि काठावरची जमीन कोरडी राहायची. कोर्टात, हद्दपार झालेल्या बाईनं, न्यायाधीशांच्या तोंडावर म्हणावी अशी ती म्हण नव्हे. सरकारी वकिलाच्या भुवया वर गेल्या. मधल्या न्यायाधीशांनी मात्र चष्म्यावरून शर्लीकडे पाहिलं.

"असं बोलणं माझ्या आजीनंतर मी ऐकलं नव्हतं," ते म्हणाले. आणि लगेच चष्मा सारखा करून, कोरड्या आवाजात, "निकाल पुढच्या तारखेला."

बाहेर आल्यावर साद हातातली फाइल आपटत होता. "मी तिला एकच गोष्ट सांगितली होती! एकच!" तय्यबानं त्याला अरबीत काहीतरी सुनावलं, ते तिनं मेल्विनला कधीच सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मेल्विन रिफाच्या घराच्या अंगणात खुर्ची टाकून बसला. तय्यबानं कडू कॉफीचा छोटा पेला त्याच्या हातात दिला, खजुरांची बशी पुढे सरकवली.

"ती आमच्याकडे अशी कधी बोलली नाही," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत एकदासुद्धा नाही. मला वाटायचं तिचा स्वभावच शांत."

"शर्ली? शांत?" तय्यबा पोट धरून हसली. मग हसणं ओसरल्यावर काठीवर हनुवटी टेकून तिच्या हिंदीत म्हणाली, "नवीन घरात बाई आधी भिंती बघते. मोठ्यानं बोललं तर चालेल का, हे तिला कोणी सांगायला लागतं. तू सांगितलंस?"

मेल्विननं सांगितलं नव्हतं. तो ऐकत बसायचा, आणि त्याला वाटायचं ऐकणं म्हणजे झालं. त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं की आपण तिला सोडवून घरी न्यायला आलो खरं, पण इथून जाईल तेव्हा ती घर सोडूनच जाईल. कॉफी कडू होती. त्यानं दुसरा पेला मागून घेतला.

निकालाच्या दिवशी कोर्टात फार कोणी नव्हतं. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. बाईला बंदीची कल्पना होती, तिनं स्वतः कबूल केलं, त्यामुळे गुन्हा कायम. हद्दपारी कायम. मात्र तिनं ओळख लपवण्याचा प्रयत्न केला नाही, मुदत संपण्यापूर्वी आपणहून ऑफिसात गेली, वय आणि कबुली लक्षात घेता कैद आजवर भोगली तेवढीच. साद मागे वळला तेव्हा त्याच्या तोंडावर नवल होतं. त्याच्या बेतातलं जवळजवळ काहीच कोर्टानं धरलं नव्हतं, धरलं होतं ते शर्लीनं स्वतः सांगितलेलं.

शर्ली न्यायाधीशांकडे बघून म्हणाली, "देव तुमच्या आजीला स्वर्गात जागा देवो." न्यायाधीश कागद उचलून आत गेले, पण दाराशी जरा रेंगाळले असं तय्यबा शपथेवर सांगते.

तिला तिथून घरी जाऊ दिलं नाही. थेट तुरुंग, आणि दोन दिवसांनी विमानतळ. गाडी फरीजवरून न्या, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती बोलली नाही, आणि गाडी हायवेनेच गेली. विमानतळावर तय्यबाला काही मिनिटं भेटू दिलं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, आणि मेल्विनला वाटलं आता रडारड होणार. तर ऐकू आलं ते भांडण. झऱ्यात कोणी कोणाला ओढलं यावरून. खिजर घड्याळ दाखवत होता. शेवटी तय्यबानं शर्लीच्या गालाला हात लावला आणि मराठीत म्हणाली, "गप बस. पडशील." नंतर मेल्विनकडे वळून, "हिला जेवायला घाल."

विमान उडालं तशी शर्ली झोपली. किती दिवसांची झोप होती देव जाणे. खिडकीपाशी मेल्विन होता. त्यानं खाली पाहिलं. तपकिरी जमीन, हिरवट उथळ पाणी, मध्ये पांढऱ्या रेघेसारखा पूल, आणि मग काहीच नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. ज्या गावाचा त्यानं इतकी वर्षं हेवा केला, त्या गावात तो जेमतेम महिना राहिला होता.

भुईगावात आल्यावर शर्ली पहिले काही आठवडे पुन्हा पाहुण्याबाईसारखी वागली. एका दुपारी मासळीवाली दारात आली आणि तिनं सुरमईचा वाट्टेल तो भाव सांगितला. शर्ली हळू आवाजात काहीतरी पुटपुटली. ओट्यावर पेपर वाचत बसलेला मेल्विन म्हणाला, "मोठ्यानं बोल गो. तय्यबाला ऐकू जाईल असं बोल."

शर्लीनं त्याच्याकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून, जीभ टाळ्याला लावून "च्क" केलं, आणि त्यानंतर जे भांडण झालं ते शेजारच्या तीन घरांनी दारात येऊन ऐकलं. मासळीवाली अर्ध्या भावात सुरमई टाकून, हसत, "ही बाई आहे की वाघीण" म्हणत गेली.

बहारीनच्या गोष्टी आता शर्ली फारशा सांगत नाही. त्या मेल्विन सांगतो. चर्चनंतर मंडळी रेंगाळली की तो सुरू होतो. आमच्या फरीजमधला मलबारी चहावाला, रिफाची कॉफी, दाणे मागायला दारोदार जाणारी पोरं, गच्चीवरची अंथरुणं. यातलं निम्म्याहून जास्त त्यानं डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. ऐकणाऱ्याला ते कळत नाही, आणि सांगता सांगता आता त्यालाही कळेनासं झालंय. शर्ली बाजूला उभी राहून ऐकते. चुकलं तर मधेच दुरुस्त करते, चांगल्या खणखणीत आवाजात, आणि मग दोघांची जुंपते.

दर शुक्रवारी तय्यबाचा फोन येतो. नाताळात येते म्हणाली आहे, गुडघ्यांनी साथ दिली तर. मेल्विननं मागच्या खोलीला चुना द्यायला घेतला आहे.